मेमरी चांगली, पण घेणार कोण?

गोंदियात धानाच्या भावावर बोलणारी माणसं आता शेअरच्या भावावरही तितक्याच अधिकाराने बोलतात. राइस मिलच्या कचेरीत एका स्क्रीनवर भरडाईचा हिशेब असतो आणि शेजारच्या मोबाइलवर निफ्टी. २०२५ संपता संपता कॉम्प्युटरच्या रॅमचे भाव भडकले. सोळा जीबीची पट्टी पाहता पाहता दुपटीच्याही पुढे गेली आणि दुकानदार ‘आजचा भाव आज’ म्हणू लागले. तेव्हा साहजिकच विचारणा सुरू झाली की हा माल बनवतं कोण आणि त्यांचा शेअर आपल्याला घेता येतो का. त्याच्या मागोमाग आणखी मोहाचा प्रश्न आला: सध्याच्या मेमरीला बाजूला सारेल अशी एखादी नवी मेमरी येऊ घातली असेल, तर आत्ताच तिच्यात पैसे घालून ठेवावेत का?

हा वाद अर्धशतकाहून जुना आहे. त्यात हुशार माणसांनी भरपूर पैसे घालवले आहेत आणि बहुतेकांनी ते एकाच प्रकारे घालवले. ‘नवी मेमरी किती वेगवान आहे’ यावर ते भांडत राहिले. ती कोण, कुठे आणि कुठल्या भावाने बनवणार, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आधी मेमरीविषयी थोडं. कॉम्प्युटरमध्ये जिला आपण रॅम म्हणतो ती डीरॅम. तिच्या प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. कपॅसिटरमध्ये विजेचा भार आहे की नाही, यावरून एक की शून्य ते ठरतं. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ सालची. अडचण अशी की कपॅसिटरमधला भार सतत गळत असतो, म्हणून प्रत्येक घर साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावं लागतं. वीज गेली की सगळं पुसलं जातं. दुसरी मेमरी फ्लॅश. मोबाइल, पेनड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये ती असते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती पुढे आणली. वीज गेली तरी ती लिहिलेलं जपते आणि स्वस्तही आहे, पण डीरॅमच्या मानाने फारच मंद, आणि पुन्हापुन्हा लिहिलं की झिजते.

या दोघींच्या मधली जागा मोकळी आहे. डीरॅमसारखी चपळ, फ्लॅशसारखी टिकाऊ आणि दोघींच्या मधल्या भावाची मेमरी कुणी आणली तर ती सगळा बाजार घेऊन जाईल, असं प्रत्येक पिढीतल्या कुणाला ना कुणाला वाटत आलं आहे. सत्तरच्या दशकात चुंबकीय बुडबुड्यांची मेमरी आली. बेल लॅब्ज, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, इंटेल अशी बडी नावं तिच्यामागे होती. हार्ड डिस्क स्वस्त होत गेल्या आणि ती कडेला पडली.

मग नवी मेमरी कधी जिंकलीच नाही का? जिंकली की. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने ११०३ नावाची चिप बाजारात आणली. १०२४ बिटांची ही डीरॅम होती. त्याआधी कॉम्प्युटरमध्ये बारीक चुंबकीय कड्यांच्या जाळ्या असत आणि त्या कड्यांमधून हातांनी तारा ओवाव्या लागत. ११०३ काही गुणी चिप नव्हती. ती चालवताना इंजिनिअर हैराण होत. पण बिटमागे सुमारे एक सेंट या भावात ती कड्यांच्या मेमरीला भिडली आणि १९७२ पर्यंत जगात सर्वांत जास्त खपणारी सेमीकंडक्टर चिप झाली.

नवा माल कशामुळे पसरतो, हे समजायला पूर्व विदर्भातल्या वाचकाला लांब जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ वाणाच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडत, पेरत, पुन्हा निवडत त्यांनी एक बारीक दाण्याचं वाण उभं केलं. तेव्हा जोरात खपणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला चिकटलं आणि एचएमटी तांदूळ घरोघरी गेला. तो इतका पटकन का पसरला? दाणा बारीक आणि भात चवीचा, हे झालंच. पण त्याला नवी मिल लागली नाही. तेच रोलर, तीच पोती, तोच अडत्या, तीच बाजार समिती. शेतकऱ्याने फक्त बियाणं बदललं आणि भाव जास्त आला. मिलवाल्याला ‘आधी लाखभर रुपयांची यंत्रं बदला, मग हा तांदूळ काढा’ असं कुणी म्हटलं असतं, तर त्याने ते बियाणं दारातूनच परत पाठवलं असतं. दादाजींना स्वतःला त्यातून फार थोडं मिळालं. वाण हातोहात गेलं, पुढे कृषी विद्यापीठाच्या नावाने पीकेव्ही-एचएमटी म्हणून आलं, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही श्रेयाचा वाद मिटलेला नव्हता.

मेमरीच्या बाजारात याच्या नेमकं उलट घडलेलं एक प्रकरण आहे. रॅम्बस ही कॅलिफोर्नियातली कंपनी १९९० मध्ये माइक फार्मवाल्ड आणि मार्क होरोविट्झ यांनी सुरू केली. कारखाना नाही, यंत्रं नाहीत. होतं ते फक्त डोकं. डीरॅम आणि प्रोसेसर यांच्यात माहिती ने-आण करण्याचा एक फार वेगवान रस्ता त्यांनी आखला होता. तो वापरणाऱ्याने चिपमागे रॉयल्टी द्यायची. निन्टेन्डो ६४ मध्ये ही मेमरी गेली, पुढे सोनीच्या प्लेस्टेशन २ मध्येही गेली. १९९६ मध्ये इंटेलने पुढच्या पीसींसाठी रॅम्बसचा हात धरला आणि १९९७ च्या मे महिन्यात कंपनी शेअर बाजारात उतरली.

मग गुंतवणूकदारांत दोन तट पडले. एका बाजूचं गणित सरळ होतं. जगात जितके पीसी, तितक्यांत इंटेल. इंटेल म्हणेल ती मेमरी. आणि प्रत्येक चिपवर रॅम्बसला रॉयल्टी, तीही एक रुपयाचा कारखाना न घालता. असा धंदा कुणाला नको असेल? दुसरी बाजू कुरकुरत होती. चिप तापते, तिच्यावर धातूची पट्टी बसवावी लागते, तपासणीची यंत्रं नवी घ्यावी लागतात, चिपचा आकार वाढतो, आणि वर रॉयल्टी. सॅमसंग, मायक्रॉन, ह्युंदाई हे ज्यांनी माल बनवायचा, त्यांचाच त्यात जीव नव्हता. २००० च्या जूनमध्ये शेअर शिखरावर होता. ‘इंटेल मागे आहे’ हा मुद्दा इतका भारी वाटत होता की बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ ठरत होतं.

पण प्रत्यक्षात इंटेललाही बाजार वाकवता आला नाही. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये रॅम्बसची मेमरी घेणारा ८२० हा चिपसेट ऐनवेळी लांबला. तीन खाचांमध्ये मेमरी बसवली की चुका होत होत्या. मग जुनी, स्वस्त मेमरी त्याच बोर्डावर चालावी म्हणून मध्ये एक दुभाषी चिप घातली. तीही सदोष निघाली आणि २००० च्या मे महिन्यात सुमारे दहा लाख मदरबोर्ड परत घ्यायची वेळ आली. दरम्यान डीडीआर नावाचा दुसरा पर्याय उभा राहिला. त्यात नवलाई फारशी नव्हती. जुन्याच मेमरीत घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवायची, एवढंच. कारखाने तेच, यंत्रं बहुतेक तीच, आणि नियम सगळ्या उद्योगाने जेडेक या संस्थेत बसून ठरवलेले. २००२ च्या सुरुवातीला इंटेलने स्वतःच पेंटियम ४ साठी डीडीआरचं बोर्ड आणलं. वाद तिथेच संपला. आज आपण डीडीआर५ घेतो, ती त्याच घराण्यातली.

या प्रकरणाला आणखी एक अंग आहे, ते मला वेगाच्या आकड्यांपेक्षा जास्त रंजक वाटतं. १९९९ ते २००२ या काळात डीरॅम बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवल्याचं अमेरिकेच्या न्याय खात्याने उघड केलं. इन्फिनियनने १६ कोटी डॉलर, हायनिक्सने १८.५ कोटी आणि सॅमसंगने ३० कोटी डॉलर दंड भरला. बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. आणि रॅम्बस? मेमरी हरली, पण पेटंटं त्यांच्या हाती होती. त्यावर अनेक वर्षं खटले लढवत कंपनी जगली, आणि आज तिच्या कमाईत डीडीआर५ च्या पट्ट्यांवर बसणाऱ्या सहायक चिपांचाही मोठा वाटा आहे. ज्या घराण्याने हरवलं, त्याच्याच जिवावर आता ती उभी आहे.

दुसरं प्रकरण ताजं आहे आणि मोठंही. २८ जुलै २०१५ रोजी इंटेल आणि मायक्रॉन यांनी मिळून थ्रीडी क्रॉसपॉइंट ही मेमरी जाहीर केली. दावे डोळे दिपवणारे होते: फ्लॅशपेक्षा हजारपट वेगवान, हजारपट टिकाऊ, आणि डीरॅमपेक्षा दहापट दाट. इंटेलने पुढे तिला ऑप्टेन हे नाव दिलं. आत काय आहे, हे कंपन्यांनी नीट सांगितलं नाही, पण चिप फोडून पाहणाऱ्यांना त्यात अवस्था बदलणारा काचेसारखा पदार्थ सापडला. तापवून थंड केला की तो कधी स्फटिकासारखा जमतो, कधी विस्कटलेला राहतो, आणि त्याचा विद्युतरोध पाहून एक की शून्य ते कळतं. या पदार्थांचा गुण स्टॅनफोर्ड ओव्हशिन्स्की यांनी १९६८ मध्ये मांडला होता. इंटेलचे संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९७० मध्येच अशा २५६ बिटांच्या मेमरीवर एका लेखात सहलेखन केलं होतं. म्हणजे पंचेचाळीस वर्षं उंबरठ्यावर उभी असलेली पाहुणी एकदाची घरात आली.

गुंतवणूकदारांची भांडणं पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी आशावाद्यांचं म्हणणं रॅम्बसच्या वेळेपेक्षा पक्कं होतं. माल कागदावर नव्हता, कारखान्यातून निघत होता. मधली जागा खरोखर रिकामी होती. मोठमोठे डेटाबेस मेमरीत ठेवायचे, वीज गेली तरी ते राहावेत, ही मागणी खोटी नव्हती. मीही तेव्हा त्यांच्या बाजूने झुकलो असतो.

पण २०१७ मध्ये पहिले ऑप्टेन एसएसडी आले आणि हजारपट कुठे दिसेना. फ्लॅशच्या एसएसडीला उत्तर द्यायला शंभरेक मायक्रोसेकंद लागत, ऑप्टेनला दहाच्या आसपास. सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. पण मेमरीची घरं कितीही चपळ असली तरी माहिती जुन्याच रस्त्याने, जुन्याच सॉफ्टवेअरमधून जात होती. म्हणून २०१९ मध्ये इंटेलने ऑप्टेन थेट रॅमच्या खाचेत बसवली. तिथे ती डीरॅमपेक्षा काही पटींनी मंद ठरली, चालायची ती फक्त इंटेलच्याच निवडक सर्व्हर प्रोसेसरांवर, आणि तिचा पूर्ण फायदा घ्यायचा तर प्रोग्रॅमही नव्याने लिहावे लागत. एचएमटीच्या पेरणीत शेतकऱ्याने फक्त बियाणं बदललं होतं. इथे मिल, पोती आणि अडत्या, सगळंच बदलायचं होतं.

खरी मेख मात्र कारखान्यात होती, आणि ती समजली की बाकीचं आपोआप कळतं. २०१३ पासून फ्लॅश उभी बांधली जाऊ लागली. सॅमसंगची पहिली उभी फ्लॅश २४ थरांची होती. आज थर दोनशेच्या पुढे गेले आहेत. तिथली युक्ती अशी की आधी पातळ थरांची चळत एकावर एक रचून घ्यायची आणि मग त्या सगळ्या थरांतून एकाच वेळी खोल भोकं पाडायची. त्यामुळे थर वाढले तरी सर्वांत महागडं काम, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवणं, त्या प्रमाणात वाढत नाही. क्रॉसपॉइंटमध्ये हे जमत नव्हतं. तिथे तारा आडव्या-उभ्या एकमेकींवरून जातात आणि जिथे छेदतात तिथे मेमरीचं घर. प्रत्येक मजल्यासाठी नक्षी वेगळी उमटवावी लागते. दुसरा मजला बांधायचा म्हणजे जवळजवळ दुसऱ्या घराचाच खर्च. पहिली पिढी दोन मजल्यांची होती, दुसरी चार. तोवर फ्लॅश शंभर ओलांडून गेली होती.

यातून एक दुष्टचक्र सुरू झालं. खप कमी म्हणून भाव जास्त आणि भाव जास्त म्हणून खप कमी. युटा राज्यातल्या लेहाय इथल्या कारखान्यात ही मेमरी निघत असे. तो पुरता चालत नसल्यामुळे मायक्रॉनच्या डोक्यावर वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास बोजा पडत होता. २०२१ च्या मार्चमध्ये मायक्रॉनने हात झटकले आणि पुढे कारखाना ९० कोटी डॉलरना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला विकला. २०२२ च्या जुलैमध्ये इंटेलनेही ऑप्टेन बंद केली आणि पडून राहिलेल्या मालापोटी ५५.९ कोटी डॉलरचा तोटा वहीत दाखवला.

मायक्रॉनच्या बाबतीत आणखी एक गंमत घडली होती. २०११ मध्ये तिने डीरॅमच्या चिपा एकावर एक रचून, त्यांतून उभ्या तारा नेऊन, हायब्रिड मेमरी क्यूब नावाची झकास मेमरी दाखवली होती. तशीच कल्पना एसके हायनिक्सने एचबीएम या नावाने २०१३ मध्ये आणली आणि ती जेडेकच्या सामायिक नियमांत बसवून घेतली. २०१५ मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाने ती उचलली. क्यूब २०१८ च्या सुमारास सोडून द्यावी लागली. एचबीएम आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बहुतेक मोठ्या चिपांच्या शेजारी बसलेली आहे आणि मायक्रॉनही आता तीच विकते. एकीमागे कंपनी होती, दुसरीमागे गिऱ्हाईक आणि सगळ्यांचा करार. गिऱ्हाईक काय करू शकतं हे फ्लॅशनेही दाखवलं होतं: २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने आयपॉडसाठी पाच कंपन्यांना १२५ कोटी डॉलर आगाऊ देण्याचं ठरवलं. नव्या मेमरीविषयीची शंभर भाषणं एका बाजूला आणि असा एक आगाऊ धनादेश एका बाजूला ठेवला, तर मी धनादेशाकडे पाहीन.

सगळ्याच नव्या मेमरी मरतात असंही नाही. काही लहान जागा धरून जगतात. चुंबकीय गुणावर चालणारी एमरॅम विकणारी एव्हरस्पिन २०१६ पासून नॅसडॅकवर आहे. कारखान्यांतली नियंत्रक यंत्रं, विमानं, जिथे एकही बिट हरवून चालत नाही, तिथे तिचा माल जातो. शिवाय नेहमीची फ्लॅश २८ नॅनोमीटरच्या खाली प्रोसेसरच्या आत बसवणं अवघड होतं, म्हणून तिथे एमरॅम आणि विद्युतरोधावर चालणारी आररॅम यांना वाव आहे. हा धंदा खरा आहे, पण डीरॅमची जागा घेण्याइतका मोठा नाही. एव्हरस्पिनला उद्याची सॅमसंग समजून शेअर घेतला, तर चूक एव्हरस्पिनची नाही.

महाराष्ट्रातलं याचं उदाहरण पवईत आहे. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक उदयन गांगुली यांच्या गटाने बनवलेली आठ बिटांची, एकदाच लिहिता येणारी मेमरी मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेत उतरवण्यात आली. २०२१ मध्ये ते जाहीर झालं. आठ बिट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण प्रत्येक चिप कारखान्यातून थोडी वेगळी निघते. तिची बारीक चूक एकदा मोजून कायमची नोंदवून ठेवायला एवढीच मेमरी लागते. काम लहान, पण गिऱ्हाईक ठरलेलं, आणि चालू कारखान्यात बसणारं. या लेखातल्या कसोटीवर ती ऑप्टेनपेक्षा सरस ठरते, हे मला नमूद करावंसं वाटतं.

शेअर घेऊ पाहणाऱ्या गोंदियाच्या माणसाला मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतात डीरॅम किंवा फ्लॅशचे वेफर (चिपा कोरलेल्या सिलिकॉनच्या चकत्या) काढणारी एकही कंपनी शेअर बाजारात नाही. मायक्रॉनचा गुजरातमधल्या साणंदचा २७५ कोटी डॉलरचा प्रकल्प २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झाला. तिथे बाहेरून आलेल्या वेफरच्या चिपा कापून, तपासून, वेष्टनात बसवायच्या. मुंबईच्या सीजी पॉवरचा साणंदमधला प्रकल्पही वेष्टनाचाच. ‘सेमीकंडक्टर’ शब्द नावात दिसला की भाव चढवणारी गर्दी हा फरक करत नाही. तळेगावचा वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला तेव्हा आपल्याकडे केवढं वादळ उठलं. पुढच्या वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. मेमरीत थेट पैसे घालायचे तर नॅसडॅकवरची मायक्रॉन, नाहीतर कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स. जगातली ९० टक्क्यांहून जास्त डीरॅम या तिघांकडूनच येते. पूर्वी कितीतरी होत्या. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये बुडाली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये. दोन्ही बुडाल्या त्या मंदीत, माल अती झाल्यावर.

म्हणून आजच्या तेजीतही माझी नजर नव्या मेमरीपेक्षा जुन्या मेमरीच्या पुरवठ्याकडे जाते. एचबीएमचा एक बिट बनवायला डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर लागतो. म्हणजे एआयसाठी जितकी एचबीएम निघते, तिच्या सुमारे तिप्पट आपल्या कॉम्प्युटरची रॅम कमी निघते. मायक्रॉनने २०२५ च्या डिसेंबरमध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं ते याचमुळे. नवा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात आणि भाव चढला की सगळेच एकदम बांधायला घेतात. त्यातच चीनमधल्या हफेई शहराची सीएक्सएमटी ही २०१६ मध्ये सुरू झालेली डीरॅम कंपनी शांघायच्या शेअर बाजारात भांडवल उभं करायला निघाली आहे. ते भांडवल नव्या कारखान्यांत जाईल आणि तिथून महिन्याला किती वेफर बाहेर पडतील, तो आकडा मायक्रॉनच्या शेअरच्या तक्त्यात दिसत नाही. राइस मिलच्या कचेरीत चर्चा व्हायला हवी ती त्या आकड्यावर.